चषक पुढाऱ्याचा, वर्गणी कुणाची?

दिंडोरी तालुक्यात जयंती जवळ आली की हौशी कबड्डी स्पर्धांचे फलक लागतात. फलकावर फोटो पुढाऱ्याचा; प्रवेश फी मात्र द्राक्षबागेत रोजंदारी करणाऱ्या पोरांची. वर्गणी किती जमली, मैदानावर किती लागली, जखमी खेळाडूला काय मिळाले? हे विचारणाराच समाजात फूट पाडणारा ठरतो!

वरही हेच. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या अध्यक्षांची निवड रद्द करून प्रशासक नेमला. एकाच घराच्या हाती सत्ता राहिली की खेळाडू बाजूला पडतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत विभूतिपूजेविरुद्ध दिलेला इशारा मैदानालाही लागू आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३२ व ३३ नुसार नोंदणीकृत संस्थेला हिशेब ठेवावा व तपासून घ्यावा लागतो. नोंदणीच नसेल तर जाब कुणाला विचारायचा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. मंडळाची नोंदणी करा, प्रत्येक रुपयाची पावती द्या, स्पर्धा संपताच जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावा. संयोजन समितीत खेळाडूंचे प्रतिनिधी घ्या. सुरुवात आपल्याच जयंती मंडळांनी करावी. तरच इतरांकडे हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहील.