डाळिंबाची साल आणि दातांचे जंतू

शारजातल्या अल मजाजला राहणाऱ्या मराठी माणसाला डाळिंबासाठी गावाकडे जावं लागत नाही. जवळच्या सूक अल जुबैलच्या फळबाजारात हंगामात भारतातलं भगवा जातीचं डाळिंब मिळतं. महाराष्ट्राच्या डाळिंबाचं आखात हे जुनं गिऱ्हाईक. घरी आणल्यावर दाणे वाटीत जातात आणि साल, पडदे कचऱ्यात. वजनाच्या हिशेबात हा फेकला जाणारा भाग साधारण ४० ते ५० टक्के भरतो, आणि दंतसंशोधकांना दाण्यांपेक्षा त्यातच जास्त रस आहे.

दात किडवणाऱ्या जंतूंतला मोठा गुन्हेगार म्हणजे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. १९२४ साली जे. किलियन क्लार्क यांनी तो किडलेल्या दातांतून वेगळा केला. साखर मिळाली की तो दोन कामं करतो. एक, आम्ल सोडतो. दातालगतचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. दुसरं, साखरेपासूनच चिकट ग्लुकन बनवून दातावर थर जमवतो.

डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिन भरपूर असतात. ती प्रथिनांना घट्ट चिकटतात, जंतूंची विकरं निकामी करतात. प्रयोगशाळेत वाळलेल्या सालीची पूड पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढतात. जंतू पसरलेल्या अगार-जेलीच्या बशीत छोटे खळगे पाडून त्यांत तो भरतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअसला साधारण दिवसभर ठेवतात. खळग्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं, की त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. तुलनेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक ठेवतात आणि नुसतं द्रावकही. नाहीतर जंतू सालीनं मेले की अल्कोहोलनं, कळणार कसं?

अशी वर्तुळं अनेक प्रयोगांत उमटली आहेत. पण वर्तुळ मोठं म्हणजे औषध जबर, असं नसतं. टॅनिनचे रेणू मोठे. ते अगारमधून सावकाश सरकतात. लहान रेणूचा कमकुवत पदार्थही मोठं वर्तुळ काढू शकतो. म्हणून जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा वेगळी काढावी लागते. शिवाय बशीतले जंतू सुटे असतात, दातावरचे चिकट थरात दडलेले. त्यांना मारणं कितीतरी अवघड.

खरी गोम लाळेत आहे. सालीचा तुकडा चघळून पाहा, तोंड आवळून येतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात म्हणून हे होतं. म्हणजे जंतूंपर्यंत पोचण्याआधीच बराचसा ऐवज लाळेवर खर्च होतो. बशीत लाळ नसते, त्यामुळे तिथला निकाल जरा उदारच लागतो.

संत्र्या-लिंबाच्या सालींच्या अर्कांवरही प्रयोग होतात. तिथे लिमोनीनसारखी सुगंधी तेलं काम करतात. पण म्हणून लिंबाची फोड दातांवर घासायला जाऊ नये. तिच्या रसातलं आम्ल एनॅमलच खातं. सालीची पूड घरी करावी म्हटलं, तरी बाजारच्या फळाच्या सालीवर फवारणीचा अंश राहिलेला असू शकतो, आणि घरी कुटलेल्या पुडीतलं टॅनिनचं प्रमाण दर वेळी निराळं.

माझ्या मते मोजून-मापून बनवलेला, माणसांवर नीट तपासलेला सालीचा माउथवॉश ही आशा धरण्याजोगी गोष्ट आहे. घरगुती पूड नाही. तोवर दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट वापरा. हिरडीला पू झाला किंवा गाल सुजला, तर सालीच्या काढ्यात दिवस न घालवता दंतवैद्य गाठा.