चकवा लागतो तेव्हा पाय काय करतात?

रात्रीची वेळ. शेजारच्या वाडीतलं भजन आटपून एक माणूस घरी निघालाय. वाट रोजचीच. सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओलांडला की उतरण, उतरणीखाली घर. तो चालतो, चालतो, आणि बऱ्याच वेळाने बघतो तर काय, समोर तोच काळा कातळ! मघाशी याच्याच बाजूने तर गेलो होतो! पुन्हा निघतो, पुन्हा फिरून तिथेच. अंगावर सरसरून काटा येतो. चकवा लागला!

कोकणात चकव्याची गोष्ट न ऐकलेलं पोर सापडणं कठीण. कुणी सांगतं, चकवा हे भूतच असतं, वाटसरूला रात्रभर गोल गोल फिरवतं. आणि गोष्ट सांगणारे असतात आपले आजोबा, मामा, नाहीतर शेजारचे काका. म्हणजे थापा मारणारी माणसं नव्हेत.

मग खरं काय? तर ही माणसं अगदी खरं सांगत असतात. ती खरोखरच गोल फिरलेली असतात!

जर्मनीत ट्युबिंगन नावाचं गाव आहे. तिथल्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या यान सूमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. 2009 साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीनवाल्ड नावाच्या मोठ्या, सपाट जंगलात त्यांनी सहा जणांना सोडलं आणि सांगितलं, "नाकासमोर सरळ चालत राहा." प्रत्येकाजवळ जीपीएस होतं, त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं ते नकाशावर उमटत होतं. चार जण चालले त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. ते चौघंही गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी तर आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, आणि त्यांना पत्ताही लागला नाही! उरलेले दोघं उन्हात चालले आणि जवळजवळ सरळ गेले. फक्त सुरुवातीला थोडा वेळ सूर्य ढगाआड होता, तेवढ्यात मात्र तेही भरकटले.

त्यांच्याच प्रयोगात सहारा वाळवंटात एक जण पौर्णिमेच्या रात्री चालला. चंद्र दिसत होता तोवर गडी सरळ. चंद्र ढगाआड गेला मात्र, आणि तो वळत वळत आल्या दिशेनेच परत निघाला.

जर्मनीच्या जंगलात आणि आफ्रिकेच्या वाळवंटात आपला चकवा कुठून पोचणार? म्हणजे गंमत जंगलात नाही आणि वाळवंटातही नाही, ती चालणाऱ्या माणसात आहे.

तुम्ही कानगोष्टी खेळता ना? पहिल्याने काय सांगितलं ते शेवटच्याला ऐकूच येत नाही, त्याला ऐकू येतं ते फक्त शेजारच्याचं. पायांचंही तसंच होतं. दूरची खूण दिसत नसेल, तर शरीर 'सरळ' कशाला म्हणायचं ते मागच्या पावलावरून ठरवतं. मागचं पाऊल जरासं तिरकं पडलं असेल, तर तेच सरळ वाटू लागतं. चूक चुकीवर चढत जाते. खरं तर वळण ओळखायला आपल्या प्रत्येक कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की तो द्रव हलतो आणि मेंदूला वळल्याचं कळतं. पण वळण फारच सावकाश असेल, तर त्यांनाही ते जाणवत नाही.

आता एक हिशेब करून बघा. समजा, प्रत्येक पाऊल एकाच बाजूला फक्त एक अंश वळलं. मग 360 पावलांत पूर्ण गोल! पाऊल साठ सेंटिमीटरचं धरलं तर 216 मीटर चालून तुम्ही निघालात तिथेच हजर. खऱ्या चालण्यात वळण इतकं एकसारखं नसतं. तरीही डोळे बांधून चालवलेली काही माणसं अवघ्या वीस मीटर व्यासाच्या गोलात फिरली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती.

काही जण म्हणतात, त्यात काय, माणसाचा एक पाय जरासा लांब असतो, म्हणून तो वळतो. किती सोपं उत्तर! पण सूमान यांच्या गटाने तेही तपासलं. पायांच्या लांबीचा आणि वळण्याचा काही संबंध सापडला नाही. बहुतेक माणसं कधी डावीकडे वळत, तर कधी उजवीकडे. मला त्यांचं हे फार आवडतं. उत्तर सोपं आहे म्हणून त्यांनी ते मान्य करून टाकलं नाही.

मग इतकं साधं कारण असताना लोकांना ते सुचत का नाही? एक तर पाऊल चुकतं तेव्हा काहीच जाणवत नाही. दिसतो तो एकदम समोर उभा राहिलेला कातळ. त्यात छाती धडधडत असते, आणि एवढ्या मोठ्या भीतीला एवढंसं कारण पुरेसं वाटत नाही. शिवाय 'चकवा' हे नाव आधीच ऐकलेलं असतं, ते चटकन ओठावर येतं. आणि जे शेकडो लोक त्याच सड्यावरून बिनघोर घरी पोचले, ते कुठे गोष्ट सांगत बसतात?

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते कारण वेगळंच आहे. "भूत नव्हतं" असं कुणी म्हटलं, की आपल्याला ऐकू येतं, "तुझे आजोबा खोटं बोलले." म्हणून आपण रागावतो आणि पुढचं ऐकतच नाही. खरं तर आजोबांनी जे पाहिलं ते एक, आणि ते का घडलं हे दुसरं. पहिल्यावर विश्वास ठेवून दुसऱ्याबद्दल खुशाल प्रश्न विचारता येतात. विचारा त्यांना, चांदणं होतं का? आभाळ भरून आलं होतं का? हातात कंदील होता का? कंदिलाच्या उजेडाला डोळे सरावले की उजेडाबाहेरचं जग आणखीच काळं होतं, लांबची झाडं आणि डोंगराची कड दिसेनाशी होते.

जुनी माणसं चकव्यावर एक उपायही सांगतात. वाट सापडेना की आहे तिथेच बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. किती शहाणपणाचा सल्ला! उजाडलं की खुणा दिसतात, आणि खुणा दिसल्या की पाय सरळ पडतात.

हे तुम्हाला स्वतः करून बघायचंय? मोठं, मोकळं मैदान हवं. जवळपास विहीर, रस्ता, खड्डा नको, आणि मोठं माणूस सोबत हवंच. एका कापडी पिशवीत रांगोळी भरा आणि तळाला बारीक भोक पाडा. मित्राचे डोळे बांधा, पिशवी हातात द्या आणि समोरच्या झाडाकडे सरळ चालायला सांगा. बाकीच्यांनी अगदी गप्प राहायचं, कारण आवाजावरूनही दिशा कळते. रांगोळीची रेघ कुठे वळते ते बघा. मग पुन्हा चालवा, पण या वेळी दर वीस पावलांनी त्याला थांबवून, पट्टी वर करून क्षणभर झाड बघू द्या. दोन्ही रेघा वहीत काढून घ्या. नंतर अदलाबदल करा आणि पिशवी तुम्ही घ्या.