पन्हाळ्याची मुनिया आणि पिंजऱ्यातली फिंच

वारणानगर सोडून पन्हाळ्याच्या अंगाने चढू लागलं की ऊस मागे पडतो आणि करवंदीची, घाणेरीची झुडपं सुरू होतात. पावसाळा ओसरताना या झुडपांच्या कडेला, वाळत चाललेल्या गवतावर, चिमणीहून लहान गडद तपकिरी पाखरांचा थवा उतरतो. चाहूल लागून तो उडाला की प्रत्येकीच्या पाठीवरचा पांढरा पट्टा लखकन दिसतो. ही पांढऱ्या पाठीची मुनिया. दुकानात ‘बंगाली फिंच’ या नावाने पांढरी-तपकिरी जोडी विकायला असते, ती याच जातीची, माणसाने घडवलेली.

बंगालशी तिचा संबंध नाही. अठराव्या शतकात चीनमधल्या पांढऱ्या पाठीच्या मुनिया जपानात गेल्या. तिथल्या पालकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली ती पांढऱ्या पिसांसाठी आणि पिलं नीट वाढवणाऱ्या जोड्यांसाठी. गाण्यासाठी कुणीच निवड केली नव्हती. तरी काझुओ ओकानोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींची गाणी ताडून पाहिली, तेव्हा रानातल्या नराचं गाणं साधं, ठरावीक क्रमाचं निघालं आणि पिंजऱ्यातल्या नराचं बरंच गुंतागुंतीचं. ससाण्याची, सापाची भीती गेली, ताण कमी झाला, म्हणून गाणं मोकळं झालं असावं, असा त्याचा एक अर्थ लावतात. पिंजरा म्हणजे केवळ बंदिवास, असं मानणाऱ्या माझ्यासारख्याला या निष्कर्षाने थांबून विचार करायला लावलं.

एक सवय मात्र अडीचशे वर्षांत सुटलेली नाही. रानातल्या मुनिया गवताचं गोल घरटं विणतात आणि अंडी नसतानाही रात्री त्यात झोपायला येतात. बंगाली फिंचचा पिंजरा तिन्हीसांजेला पाहावा. एक पाखरू मटकीच्या तोंडाशी बसतं, मान आत घालून पाहतं, शिरतं. मागोमाग दुसरं, तिसरं. मटक्या चार टांगलेल्या असल्या तरी सगळी एकीतच घुसतात. शेवटच्याला जागा उरत नाही, तेव्हा ते इतरांच्या पाठीवरून सरकत आत जातं आणि कुणाची तरी शेपटी बाहेर लोंबत राहते. अशा पाखराला एकटं ठेवणं हा मला छळ वाटतो. रिकाम्या दांडीवर रात्र काढायची त्याची घडणच नाही.

मुनिया आणि पिंजऱ्यात पाळली जाणारी झेब्रा फिंच एकाच कुळातल्या, एस्ट्रिल्डिडी. आखूड, जाड, शंकूसारखी चोच आणि गवताच्या बियांवर गुजराण ही या कुळाची ओळख. वारणा खोऱ्यात त्यांचे नातेवाईक बरेच आहेत. छातीवर खवल्यांसारखी नक्षी असलेली ठिपकेवाली मुनिया थव्याने दिसते. फिकट तपकिरी, निळसर-करड्या चोचीची पांढऱ्या कंठाची मुनिया बाभळीजवळ वावरते आणि विहिरीवर लोंबणारी सुगरणीची जुनी घरटी बिनदिक्कत वापरते. पाणथळ गवतात लाल मुनिया असते. पावसाळ्यापासून पुढे, विणीच्या दिवसांत, नर पांढऱ्या ठिपक्यांसह लालभडक होतो आणि वीण सरली की पुन्हा मातकट.

या पाखरांना घरट्यासाठी काटेरी झुडूप किंवा दाट गवत लागतं आणि पोटाला पिकलेलं बी. कोडोलीजवळच्या उजाड माळावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, वारणानगर वसलं, पुढे दूधसंघ आला. माणसांचं कल्याण झालं, यात वाद नाही. पण मुनियांच्या बाजूने पाहिलं तर ऊस रात्रीचा आसरा देतो, दाणा देत नाही. जनावरांसाठी लावलेलं हत्तीगवत बी धरायच्या आधीच कापलं जातं. उरला बांध, त्यावरची हराळी, सावा, कुंदा हेच खरं कोठार. तिथेच हल्ली तणनाशकाचा पंप फिरतो. दोन उसांमधली चार हात रुंदीची ती पट्टी गेली की थव्याला मसाई पठाराच्या बाजूला चढावं लागतं, किंवा नदीकाठच्या गवतात उतरावं लागतं.

झेब्रा फिंच आली कोरड्या मुलखातून. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात पाऊस कमी आणि बेभरवशाचा. तो पडला, गवताने बी धरलं की ही पाखरं घाईने वीण उरकतात, कारण पुढचा पाऊस कधी येईल याचा नेम नाही. आपल्या घरात मात्र राळा रोज, पाणी रोज. पाखराच्या लेखी कायमचा सुकाळ. मादी अंड्यांवर अंडी घालत राहते, अंगातला चुना संपतो आणि एखादं अंडं आतच अडकून ती मरते. दोन विणी झाल्या की मटकी काढून घ्यावी. वर्षभर पिलं निघतात म्हणून खूश होणाऱ्या मालकाला त्या मादीची अवस्था दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उन्हाचंही तसंच. मिलेन मॅरिएट आणि कॅथरिन ब्युकॅनन यांनी २०१६ साली दाखवून दिलं की हवा २६ अंशांच्या वर गेली की झेब्रा फिंचचे आईबाप उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांशी एक खास आवाज काढतात. तो ऐकलेली पिलं उष्ण घरट्यात कमी वजनाची राहतात, आणि तापलेल्या हवेत ते त्यांच्या फायद्याचं ठरतं. कवचातल्या पिलाला बाहेरच्या उन्हाची वर्दी देणारं हे पाखरू आपण पत्र्याच्या छपराखाली टांगतो, जिथून त्याला सावलीला सरकायलाही जागा नसते.

म्हणून पिंजरा लांब हवा. उंच, निमुळता, घुमटाचा पिंजरा दिवाणखान्यात शोभतो, पण फिंच आडवी उडते. एका जोडीला निदान तीन फूट लांबी आणि दीड-दीड फूट रुंदी-उंची द्यावी. तारांमधलं अंतर एक सेंटिमीटरच्या आसपास. प्लॅस्टिकच्या एकसारख्या दांड्यांपेक्षा पेरूच्या, कडुलिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या बऱ्या, पाय आखडत नाहीत. मधली जागा उडायला मोकळी सोडावी. खायला राळा, बारीक बाजरी, वरई. सोबत समुद्रफेस किंवा उकळून कुटलेली अंड्याची टरफलं. बांधावरचं ओलं बी धरलेलं गवत आणून लावलं तर पाखरं तासन्‌तास त्यावर उलटी लटकून दाणे सोलत बसतात. फवारणी झालेल्या बांधाचं मात्र चुकूनही आणू नये. अंगण असेल तर भिंतीला धरून सहा-आठ फुटी जाळीघर बांधावं: एक बाजू भक्कम आणि आडोशाची, वर अर्धं छप्पर, खाली उंदीर आणि धामण शिरणार नाही असा सिमेंटचा जोता.

आपल्याकडे धोके दोन. पहिला ओल. आषाढ-श्रावणात इथली हवा दिवसेंदिवस दमट असते आणि दाण्याला बुरशी चढते. राळा थोडाथोडाच आणावा आणि उन्हं पडली की वाळवावा. दुसरा धूर. गळीत हंगामात ऊस तुटला की शेतात पाचट पेटवतात. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, हवा त्यांच्या अंगात आपल्याहून फार खोल खेळते, त्यामुळे धूर त्यांना लवकर बाधतो. त्या दिवसांत वाऱ्याच्या बाजूचा पडदा सोडावा किंवा पिंजरा आत घ्यावा. तापून करपलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफही पक्ष्यांचा जीव घेते, तेव्हा स्वयंपाकघर नकोच.

रानातली मुनिया पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासूनच बंदी आली. तरी ती विकली जाते, कधी हिरव्या-पिवळ्या रंगात बुडवून, परदेशी पाखरू म्हणून. पिसांवर रंगाचे ओघळ, डोळ्यांभोवती चिकटा आणि पिंजऱ्यात दाटीवाटी दिसली की ओळखावं आणि वनखात्याला कळवावं. दया येऊन विकत घेतलं तर पारध्याला पुढच्या फेरीचे पैसे मिळतात. जावा स्पॅरो पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: तो पक्षी आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ यादीत आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पिंजऱ्यात जन्मलेली पाखरं पुण्य म्हणून सोडूनही देऊ नयेत. त्यांना ससाणा ठाऊक नाही आणि दाणा शोधता येत नाही.

पाखरांची आवड असलेल्या वारणेकाठच्या शेतकऱ्याला माझं पहिलं सांगणं पिंजऱ्याचं नसून बांधाचं आहे. एका बाजूचा बांध दिवाळी होईपर्यंत कापू नये, तणनाशक मारू नये, कोपऱ्यातली एक बाभूळ किंवा करवंदीची जाळी राखावी. ठिपकेवाली मुनिया पावसाळ्यात घरटं घालते आणि नर-मादी दोघं आळीपाळीने अंडी उबवतात. पिलं उडाल्यावरही थवा काही आठवडे त्याच गवताभोवती राहतो. तेवढे आठवडे गवत उभं असलं म्हणजे झालं. बैलांना लागलं तर दुसऱ्या बाजूचं कापावं.