प्रवासापूर्वीची तपासणी : बहात्तर तासांचा अर्थ

सन २०२० मध्ये कोविडची साथ जगभर पसरली. त्यानंतर परदेशी जाणाऱ्यास तपासणीचा दाखला जवळ बाळगणे अनेक देशांनी आवश्यक ठरविले. आखाती देशांत कामधंद्यानिमित्त जाणाऱ्या कोकणातील कुटुंबांचाही या नियमांशी संबंध आला. नियम देशोदेशी निराळे व वरचेवर बदलणारे असल्याने ते लहरीप्रमाणे केलेले आहेत, असा अनेकांचा ग्रह झाला. वस्तुतः त्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे व वरच्या इयत्तांतील मुलांना ती सहज समजावून देता येईल.

नाकातील व घशातील स्राव घेऊन आरटी-पीसीआर पद्धतीने विषाणूचा शोध घेतात. विषाणूच्या जनुकद्रव्याचा अल्पसा अंश या पद्धतीत कित्येक पटींनी वाढविला जातो. तथापि अहवाल निगेटिव्ह आला याचा अर्थ, नमुना घेतला त्या वेळी विषाणू आढळला नाही, एवढाच होय. आदल्या दिवशी संसर्ग झालेला मनुष्य तपासणीत निर्दोष ठरू शकतो. दाखला जितका जुना, तितका त्याचा भरवसा कमी. यास्तव त्याला मुदत घातली गेली.

मुदत मोजण्याची रीत मात्र एकसारखी नव्हती. भारतात येणाऱ्याची तपासणी प्रवासापूर्वी ७२ तासांच्या आत झालेली असावी लागे. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१ पासून लागू केलेल्या नियमात तासांऐवजी ‘तीन दिवस’ असे म्हटले होते. हा भेद क्षुल्लक नाही. समजा, विमान सोमवारी रात्री दहाला सुटणार आहे व नमुना शुक्रवारी सायंकाळी सहाला दिला आहे. मध्ये ७६ तास जातात. पहिल्या नियमाने हा दाखला बाद ठरतो, दुसऱ्याने ग्राह्य. फळ्यावर मांडण्याजोगे हे उदाहरण आहे. मात्र अहवाल हाती आल्याची वेळ धरून हिशेब केल्यास तो चुकेल, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

ओमायक्रॉन हा नवा प्रकार पसरू लागताच अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून ही मुदत एका दिवसावर आणली. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून भारताने जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांची विमानतळावर तपासणी, सात दिवस घरी विलगीकरण व आठव्या दिवशी पुन्हा तपासणी असा क्रम लावला. पहिल्या तपासणीत जो निसटला, तो या दुसरीत सापडावा, हा त्यातील हेतू.

याच्या उलट, आजारातून बरा झालेला मनुष्य कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येई. कारण विषाणूचे निर्जीव अवशेषही या पद्धतीत सापडतात. अशा प्रवाशास अमेरिकेने ९० दिवसांतील पॉझिटिव्ह अहवाल व डॉक्टरांचे पत्र यांवर येऊ दिले. केवळ अहवालातील शब्द पाहून निर्णय करता येत नाही, तो असा.

अमेरिकेने ही अट १२ जून २०२२ रोजी काढली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पीतज्वराचा नियम मात्र आजही आहे. त्यात तपासणी नसून लस आहे व टोचल्यानंतर दहा दिवसांनीच दाखला लागू होतो. पीतज्वर भारतात नाही, परंतु तो पसरविणारा डास येथे आहे. म्हणून त्या रोगाच्या देशांतून दाखल्याविना येणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते.