महाग टायर : वरचा पैसा कशाचा?

मोटारीचे टायर बदलण्याची वेळ आली की दुकानदार दोन प्रकार पुढे ठेवतो. मापाने दोन्ही सारखे, रंगाने दोन्ही काळे. किमतीत मात्र दीडपट, कधी दुप्पट अंतर. गृहस्थ साहजिकच विचारतो, हा वरचा पैसा कशाचा? या प्रश्नाचा आम्ही थोडा हिशेब मांडून विचार करू इच्छितो.

आपल्या वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. रिसोडहून किंवा मानोऱ्याहून साठच्या वेगाने वाशीमला येणाऱ्या मोटारीच्या टायरांची कसोटी क्वचितच लागे. परंतु ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव येथून त्यावर चढता येते आणि मोटारीला सपाटीवर ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. मोटार तीच, टायरही तेच. काम मात्र निराळे. २०२३ मध्ये तर या मार्गावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्याची मोहीम परिवहन खात्याला घ्यावी लागली.

टायर फुटतो कशाने? फिरताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो व पुन्हा उभारतो. या दबण्या-उभारण्यातून उष्णता निघते. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो आणि अधिक तापतो. त्यात वेग, ओझे आणि वैशाखातले ऊन यांची भर पडली की आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणजे हा दोष पुष्कळदा किमतीचा नसून हवेचा व वयाचा असतो, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता वरच्या पैशाकडे वळू. त्यातून तीन गोष्टी मिळतात असे सांगतात : आयुष्य, इंधनाची बचत आणि पकड.

आयुष्याचा हिशेब सोपा आहे. समजा, साध्या चार टायरांना सोळा हजार रुपये पडले व ते चाळीस हजार किलोमीटर चालले. किलोमीटरला चाळीस पैसे झाले. महाग चारांना अठ्ठावीस हजार पडले व ते पन्नास हजार चालले, तरी छप्पन्न पैसे होतात. शिवाय चांगली पकड देणारे मऊ रबर कित्येकदा लवकर झिजते. तेव्हा टिकाऊपणातून पैसे वसूल होतील ही आशा धरू नये.

इंधनाचे तसेच. टायरचा फिरताना होणारा अवरोध दहा टक्क्यांनी घटला तर इंधन एक-दोन टक्के वाचते. लिटरला सोळा किलोमीटर चालणाऱ्या मोटारीचे चाळीस हजार किलोमीटरांत, दीड टक्का धरला, तर साडेसदतीस लिटर वाचतील. हा काही फरक भरून काढण्याजोगा आकडा नव्हे.

राहिली पकड, आणि खरा सौदा येथेच आहे. ओल्या रस्त्यावर ताशी १०० च्या वेगाने जाणारी मोटार साध्या टायरांवर, ब्रेक लागल्यापासून सुमारे ७९ मीटरांत थांबते असे धरू. पकड दहा टक्के अधिक असेल तर ती ७२ मीटरांत थांबेल. सात मीटर म्हणजे फार नव्हे असे वाटेल. परंतु जेथे पहिली मोटार थांबली, तेथे दुसरी अजून ताशी ३० किलोमीटर वेगाने पुढे जात असते. पुढे उभा असलेला मालट्रक तेवढ्यासाठी बाजूला सरत नाही! वेग साठचा असता तर हेच अंतर अडीच मीटरांवर आले असते.

मात्र ही पकड नावावर मिळत नाही. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला उंची टायर म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. तेच आधी वाचावे. दुसरे, कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. पण पाणी बाहेर फेकण्याची शक्ती त्याआधीच कमी होते, म्हणून ३ मिलिमीटर उरली की पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावा. तिसरे, हवा टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. स्टेपनी विसरू नये.

साधा टायर म्हणजे टाकाऊ टायर, असेही नव्हे. ओल्या रस्त्यावरील पकड, अवरोध व आवाज यांच्या मर्यादा केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केल्या आहेत.

आमचा निष्कर्ष असा. ज्याचा प्रवास तालुक्यापुरता व बेताच्या वेगाचा आहे, त्याने नामांकित कारखान्याचा साधा, पण ताजा टायर घ्यावा आणि वाचलेल्या पैशातून तो वेळेवर बदलावा. ज्याला कुटुंबासह भर पावसात समृद्धीवरून नागपूर-मुंबई वारंवार गाठायची आहे, त्याने वरचा पैसा अवश्य द्यावा. मात्र तो बचतीच्या खात्यात न मांडता त्या सात मीटरांच्या खात्यात मांडावा. आणि ज्याला तो परवडत नाही, त्याला एक उपाय फुकट उपलब्ध आहे : वेग शंभरावरून ऐंशीवर आणावा. थांबण्याचे अंतर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते. इतका लाभ कोणताही टायर देत नाही.