घरच्या विमानाचा दिवा

मागच्या हिवाळ्यात आमच्या विंगमधल्या एका पठ्ठ्याने बाइकच्या हेडलाइटमध्ये शंभर वॅटचा बल्ब टाकला. का रे बाबा, विचारलं तर म्हणे, "हिंगोली रोडला रात्री रोही आडवे येतात, दिसायला पाहिजे ना!" आठवडाभर त्याची ऐट होती. आठव्या दिवशी होल्डर वितळला, वायर काळी पडली आणि साहेब कनेरगाव नाक्यापासून वाशीमपर्यंत एका ट्रकच्या मागे मागे, त्याच्या उजेडात आले.

मेसमध्ये यावर दोन दिवस हसणं झालं. मग कुणीतरी विचारलं, "विमानाला हेडलाइट असतो का? तो किती वॅटचा?" उत्तर कुणालाच नीट देता आलं नाही. मी शोधायला बसलो आणि लक्षात आलं, की या एका दिव्यात आपले चार-पाच विषय दडलेले आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी विमानाबद्दल

विमान म्हणजे बोइंगच, असं नाही. जगात हजारो लोक गॅरेजमध्ये, गोदामात स्वतःचं छोटं विमान बांधतात. आपल्या महाराष्ट्रातलं ठळक नाव म्हणजे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. बांधण्याइतकीच वर्षं कागदपत्रांत गेली म्हणा ना!

असं विमान बांधणाऱ्याला इंजिन, पंख, चाकं यांच्यासारखाच दिव्याचाही निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. लँडिंग लाइट कोणता, किती आणि कुठे?

दिवा कशासाठी?

आपल्याला वाटतं, बघण्यासाठी. हे अर्धंच खरं आहे. आपल्याकडे नजरेच्या भरवशावर चालणारी छोटी विमानं साधारणपणे दिवसाउजेडीच उडतात. अमेरिकेत अशी विमानं रात्रीही उडू शकतात, पण तिथल्या नियमात पोझिशन लाइट आणि टक्कर टाळण्याचा लुकलुकणारा दिवा रात्री सक्तीचा आहे. लँडिंग लाइट मात्र विमान भाड्याने चालवलं जात असेल तरच.

मग लोक तो हौसेने का बसवतात? दिसण्यासाठी! समोरून येणारं पांढरं छोटं विमान धुरकट आकाशात शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दिसत नाही. दिवा चालू असेल तर ते कितीतरी आधी नजरेत भरतं. आपल्या बाइकचंच उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट भर दुपारीही चालूच राहतो. तो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नाही, समोरच्याला आपण दिसावं म्हणून. विमानात याच्या पुढची युक्ती म्हणजे दोन पंखांवरचे दिवे आळीपाळीने उघडझाप करायचे. याला 'विग-वॅग' म्हणतात. स्थिर उजेडापेक्षा बदलता उजेड डोळा लवकर टिपतो.

किती वॅट?

जुन्या छोट्या विमानांत पार-३६ नावाचा बंद दिवा असे. हा ३६ आकडा व्यासाचा आहे, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला. म्हणजे साडेचार इंच. त्यातला ४५०९ क्रमांकाचा दिवा सगळ्यांच्या ओळखीचा. १३ व्होल्ट, १०० वॅट, झोताची तीव्रता सुमारे १ लाख १० हजार कॅन्डेला. ऐकायला भारी, पण आयुष्य किती? अवघे २५ तास!

आता वीज कुठून आणणार? हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ हे इंजिन खूप वापरलं जातं. त्याचा आतला जनित्र इंजिन पूर्ण वेगाच्या जवळ असताना सुमारे २५० वॅट देतो. त्यात रेडिओ, उपकरणं, पंप सगळं भागवायचं. शंभर वॅटचा एकच दिवा यातला ४० टक्के वाटा खाऊन बसतो. गंमत पुढेच आहे. दिवा लागतो उतरताना, आणि उतरताना इंजिनाचा वेग कमी केलेला असतो, म्हणजे जनित्रही कमी वीज देतो. उरलेली वीज बॅटरीतून जाते. आमच्या मित्राच्या होल्डरची गोष्ट आठवा: दिवा निवडायचा म्हणजे फक्त बल्ब निवडायचा नसतो, त्याच्या मागची सगळी साखळी निवडायची असते.

वायरचंही तसंच. समजा दिवा पंखावर ४ मीटर लांब आहे. फायबरच्या विमानात परतीची वायरही लागते, म्हणजे एकूण ८ मीटर. १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर घेतली तर रोध सुमारे ०.०९६ ओहम. त्यातून ८ अँपिअर गेले की पाऊण व्होल्टच्या वर घट. हे फक्त ६ टक्के झाले, पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. म्हणजे उजेड जवळजवळ १९ टक्क्यांनी कमी! पहिल्या वर्षी ओहमचा नियम पाठ करून विसरलेल्यांनी हे गणित स्वतः करून बघावं.

एलईडी आल्यावर हे गणित बरंच सोपं झालं. कमी वीज, हजारो तासांचं आयुष्य, धक्के बसले तरी फिलामेंट तुटायची भीती नाही. पण फुकट काहीच नसतं. हॅलोजनची बरीच उष्णता उजेडासोबत पुढे निघून जाते. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला साचते. तिला हीट सिंक आणि वारा लागतो. आपल्या मे महिन्याच्या ४४ अंशांत विमान जमिनीवर उभं राहून दिवा जळत असेल तर वारा कुठून येणार? दुसरं म्हणजे, एलईडीच्या आतलं स्विचिंग सर्किट रेडिओत खरखर करू शकतं. म्हणून कायमचा बसवण्याआधी रेडिओचा स्क्वेल्च उघडा ठेवून दिवा चालू-बंद करून ऐकायचं. खरखर आली तर दिवा परत!

कुठे बसवायचा?

नाकावर बसवला तर वायर आखूड आणि काम सोपं. पण तिथे इंजिनाची उष्णता आणि थरथर असते, फिलामेंट लवकर जातं. शिवाय उजेड फिरत्या पंख्याच्या पात्यांवर पडतो आणि वैमानिकाच्या डोळ्यांपुढे लुकलुक होते.

चाकाच्या पायावर बसवला तर विमान कापावं लागत नाही. पण प्रत्येक उतरणीचा दणका दिव्यालाच बसतो, चिखल-खडीही त्याच्याच वाट्याला.

पंखाच्या पुढच्या कडेत बसवला तर उजेड डोळ्यांपासून दूर राहतो. धुक्यात किंवा धुळीत याचा मोठा फायदा होतो, कारण कणांवरून उलटलेला उजेड थेट डोळ्यांत येत नाही. गाडीचे फॉग लॅम्प खाली का असतात, त्याचं एक कारण हेच. मात्र इथे पंखाची कड कापावी लागते. ती कुठे कापता येईल हे आराखडा करणाऱ्यालाच विचारायचं, आपल्या अंदाजाने करवत चालवायची नाही. पुढे बसवलेलं ॲक्रिलिकचं पारदर्शक आवरण हॅलोजनच्या उष्णतेने मऊ पडू शकतं, म्हणून मध्ये अंतर ठेवायचं.

झोत कुठे रोखायचा?

हा खरा मजेचा भाग. समजा विमान ३ अंशांच्या उताराने खाली येतंय. झोतही त्याच रेषेत, क्षितिजाच्या ३ अंश खाली हवा. पण जमिनीला टेकण्याआधी वैमानिक नाक ५-६ अंश वर उचलतो. झालं! नेमकं गरजेच्या क्षणी झोत आकाशात. शेपटीखाली चाक असलेलं विमान तर जमिनीवर नाक वर करूनच उभं असतं, त्याला टॅक्सी करताना त्या दिव्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून दोन दिवे: एक लांब, अरुंद झोताचा, उतरणीच्या स्थितीला जुळवलेला, दुसरा रुंद पसरणारा, जमिनीवरच्या स्थितीला जुळवलेला.

जुळवायचं कसं? विमान उतरतानाच्या स्थितीत टेकू लावून उभं करायचं. १० मीटरवरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीची रेघ मारायची आणि झोताचा मध्य त्या रेघेच्या ५२ सेंमी खाली आणायचा. १० मीटर गुणिले टॅन ३ अंश. संपलं!

आता कळीचा मुद्दा

एवढं करून रात्री धावपट्टी लख्ख दिसेल का? हिशोब करू. दिवा जमिनीपासून १ मीटर उंच, झोत १ अंश खाली. तो ५७ मीटरवर जमिनीला लागतो. तिथे समोर उभ्या वस्तूवर, म्हणजे रोह्यावर समजा, सुमारे ३४ लक्स उजेड पडतो. पण आडव्या धावपट्टीवर तोच उजेड तिरपा पडतो, त्याला साइन १ अंशाने गुणायचं. उरतात जेमतेम ०.६ लक्स. म्हणूनच हिंगोली रोडला आपल्याला रोह्याचे डोळे चमकताना दिसतात आणि त्याच्या पायाजवळचा खड्डा मात्र दिसत नाही! त्यात विमान ६० नॉटने, म्हणजे सेकंदाला ३१ मीटर वेगाने येतंय. ५७ मीटर म्हणजे दोन सेकंदही नाहीत. रोही दिसला, तरी करणार काय?

याचा अर्थ, लँडिंग लाइट रात्रीचा दिवस करत नाही. धावपट्टीच्या कडेचे दिवे, मोकळी पट्टी आणि प्रशिक्षण यांच्या जागी तो उभा राहू शकत नाही.

हे मुद्दाम सांगण्याचं कारण आपल्या शेजारचंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या एका चोवीस वर्षांच्या वेल्डर तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर बांधलं होतं. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री जमिनीवर चाचणी घेताना शेपटीचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं आणि त्या पंख्याचा घाव त्याच्या डोक्यात बसला. तो गेला. तिथे प्रश्न दिव्याचा नव्हता, पात्याचा होता. पण दिवसभर पोटापाण्याचं काम आणि रात्री स्वप्नाचं काम, ही आपल्याकडच्या प्रत्येक हौशी कारागिराची कहाणी आहे. त्याच्याकडे हात होते, जिद्द होती. त्याच्या शेजारी वही घेऊन बसणारा, "भाऊ, थांब, आधी हिशोब करू" म्हणणारा कुणी हवा होता. तो कुणी म्हणजे आपणच, नाही का? मेकॅनिकलला आणि इलेक्ट्रिकलला बसून आपण दुसरं काय शिकतोय?

तेव्हा मित्रहो, आपल्या गावात कुणी पंप, ट्रॅक्टरची ट्रॉली, नाहीतर विमानच बांधत असेल, तर हसू नका. सुट्टीत घरी गेलात की त्याच्याकडे जा, सोबत कॅल्क्युलेटर न्या.

आणि हो, आमच्या मित्राने आता कंपनीचाच बल्ब बसवलाय. रात्री गाडी चाळीसच्या वर नेत नाही. रोही त्याला अजूनही आडवे येतात, पण आता ब्रेक वेळेवर लागतो.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)