आधी विचारा, मग सही करा

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या हवाई दलाचं मालवाहू विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत महाराष्ट्रातले ३ जण होते. बेड्या घातलेल्या माणसांची दृश्यं घरोघरी पाहिली गेली आणि पुण्या-ठाण्यातल्या बऱ्याच घरांत एकच प्रतिक्रिया उमटली: ते ‘डंकी’ने, म्हणजे चोरवाटेने गेलेले, आमचा मुलगा रीतसर गेलाय. पण रीतसर गेलेल्यांचीही प्रकरणं तिथल्या इमिग्रेशन वकिलांकडे येतात. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांच्या मुळाशी असते एखादी न वाचलेली तारीख, किंवा कोणाला न विचारता केलेली सही.

“दहा वर्षांचा व्हिसा आहे, राहू की निवांत!”

आई-वडिलांना मिळणारा पर्यटक व्हिसा बहुधा १० वर्षांचा असतो. त्याच्या जोरावर अमेरिकेच्या विमानतळापर्यंत पोचता येतं, एवढंच. या खेपेला किती दिवस राहायचं, हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख ‘आय-९४’ या नोंदीत जाते. पूर्वी तो कागद पासपोर्टला टाचलेला असे. आता विमानाने येणाऱ्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर असते, म्हणून बघायची राहून जाते. पाहुण्यांना साधारण ६ महिने मिळतात. मुदतवाढीचा अर्ज वेळेत न करता एक दिवस जरी जास्त राहिलं, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप बाद होतो.

नोकरदारांची अडचण वेगळी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी २०२८पर्यंत आहे, पण पासपोर्ट २०२७मध्ये संपतोय, अशा वेळी अधिकारी पासपोर्ट संपेल त्याच दिवसापर्यंतची तारीख देऊ शकतो. पुढे पासपोर्टचं नूतनीकरण झालं, तरी आय-९४वरची तारीख आपोआप सरकत नाही. माणूस नोकरी करतोय, कर भरतोय, घराचे हप्ते फेडतोय आणि कागदोपत्री बेकायदा झालेला असतो.

असं लक्षात आलं की पहिला विचार येतो, गुपचूप परत जाऊ. नेमकं तेच वकिलाला विचारल्याशिवाय करायचं नाही. १९९६च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं, आणि वर्षभर किंवा जास्त राहून सोडला तर १० वर्षं पुन्हा प्रवेश नाही. ही बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. आत असताना कदाचित दुरुस्त झालं असतं ते प्रकरण विमानात बसल्याबरोबर हाताबाहेर जातं.

नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही.

“ग्रीन कार्ड म्हणजे कायमचं”

सरकारी नाव ‘कायम रहिवासी’ असं आहे खरं. पण कार्ड टिकवायला तिथे राहावं लागतं. मुलाने हौसेने आई-वडिलांचं ग्रीन कार्ड केलेलं असतं आणि त्यांचा जीव इकडे, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. वर्षातून दोनेक महिने नातवंडांकडे जायचं, बाकी इथेच. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की परतताना विमानतळावर नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. वर्षाहून जास्त राहिलं तर नुसतं कार्ड पुरत नाही. त्यासाठी २ वर्षांपर्यंतचा पुनर्प्रवेश परवाना आधी काढावा लागतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

रात्रभराचा प्रवास करून व्हीलचेअरवर बसलेल्या आजोबांपुढे अधिकारी एक फॉर्म ठेवतो: आय-४०७. ‘इथे सही केलीत की मोकळे.’ त्या फॉर्मचा अर्थ, मी स्वखुशीने ग्रीन कार्ड सोडतो. ‘स्वखुशीने’ असल्यामुळेच त्यावर सही करायची सक्ती नाही. नाही म्हटलं तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं आणि निवास सोडून दिल्याचं तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं. कुलूप लावून आलेलं घर, तिथले कराचे कागद, बायपासच्या ऑपरेशनमुळे लांबलेला मुक्काम, हे सगळं तिथे मांडता येतं. सही करून बसलात तर मांडायला फारसं उरत नाही. इंग्रजी कळत नसेल तर दुभाषा मागावा. मान डोलावणं आपल्याकडे सभ्यपणाचं असलं तरी तिथे ते संमती म्हणून धरलं जाऊ शकतं.

“किरकोळ गुन्हा, दंड भरून मिटवू”

दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप, घरातल्या भांडणातून आलेले पोलिस, गांजाची पुडी. फौजदारी वकील म्हणतो, ‘गुन्हा कबूल करा, तुरुंगात जावं लागणार नाही.’ पण इमिग्रेशन कायद्याची मोजपट्टी वेगळी आहे. चोरीसाठी एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती पूर्ण स्थगित ठेवली, म्हणजे माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी ती गंभीर गुन्ह्याच्या वर्गात मोडू शकते. मग वीस वर्षांचं ग्रीन कार्डही वाचवणं अवघड.

याचं गाजलेलं उदाहरण होसे पदिया यांचं. जन्म होंडुरासचा, व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी, ४० वर्षांहून अधिक काळ कायदेशीर रहिवास. ट्रकमध्ये गांजा सापडला. इतकी वर्षं इथे आहात, काळजी नको, असं वकिलाने सांगितलं म्हणून त्यांनी गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची तलवार डोक्यावर आली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: कबुलीचे हद्दपारीच्या दृष्टीने काय परिणाम होतील, हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हा कबुलीजबाबावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाचंही मत घ्यायचं. दोन फिया परवडतात, एक हद्दपारी परवडत नाही.

“वकील नसेल तर सरकार देईल”

सिनेमातला तो संवाद फौजदारी खटल्यांपुरता आहे. हद्दपारीचं प्रकरण दिवाणी स्वरूपाचं मानलं जातं. वकील लावण्याचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने. ही ‘न्यायालयं’ स्वतंत्र न्यायव्यवस्थेत येत नाहीत, ती न्याय खात्याच्या अखत्यारीत चालतात. समोर सरकारचा वकील असतो आणि इकडे कधी कधी एकटं मूलही. न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये कोठडीतल्या गरजूंसाठी मोफत वकिलांची सोय सुरू केली. असे काही अपवाद सोडले तर धर्मादाय संस्थांचाच आधार.

तारीख चुकवली तर न्यायाधीश गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश काढू शकतो. ‘मला नोटीस मिळालीच नाही’ हे कारण चालतं, पण पत्ता बदलल्याचं आपणच कळवलं नसेल तर लंगडं पडतं. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत कळवायचा असतो, आणि न्यायालयाला वेगळं कळवावं लागतं.

अटक झाली तर भारतीय दूतावासाला कळवा, असं म्हणण्याचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना करारातून मिळतो. भारतीयांच्या बाबतीत तसं मागावं लागतं. दूतावास सोडवून आणू शकत नाही. भेट, कागदपत्रं, घरच्यांना निरोप, वकिलांची नावं एवढं करू शकतो.

लग्नाबद्दल थोडक्यात. अमेरिकी नागरिकाशी लग्न केल्याने नागरिकत्व मिळत नाही. लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर आधी २ वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. मग दोघांनी मिळून शर्त काढण्याचा अर्ज करायचा. मारहाण किंवा घटस्फोट असेल तर एकटीलाही करता येतो. ‘नवरा सही करणार नाही’ या धाकाखाली राहणाऱ्या मुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं. आणि तिथे जन्मलेलं बाळ २१ वर्षांचं होईपर्यंत आई-बापांसाठी अर्ज करू शकत नाही.

“नागरिकत्व मिळालं, आता कोण काय करणार?”

१९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असं ठरवलं आणि आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व सरकार काढून घेऊ लागलं. थिंडचे वकील होते सखाराम गणेश पंडित, स्वतः १९१४ मध्ये अमेरिकी नागरिक झालेले. सरकार त्यांच्याही मागे लागलं. एकदा न्यायालयाने दिलेला नागरिकत्वाचा निवाडा पुन्हा उकरता येत नाही, हा त्यांचा मुद्दा १९२६ मध्ये अपील न्यायालयाने उचलून धरला. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला तो १९४६च्या कायद्याने. वंशाची अट गेली. पण अर्जात खोटं लिहून मिळवलेलं नागरिकत्व आजही न्यायालयामार्फत रद्द होऊ शकतं.

म्हणूनच एजंटाने भरलेला फॉर्म न वाचता सही करू नये. ‘एजंटाने लिहिलं’ ही सबब फारशी कामाला येत नाही, कारण खाली शपथपूर्वक सही आपली असते. ट्रॅव्हल एजंट, कर भरून देणारा ओळखीचा गृहस्थ किंवा मुंबईत सनद असलेला वकील, यांना तिथे आपली बाजू मांडता येत नाही. ते काम तिथल्या कुठल्याही राज्याची सनद असलेल्या वकिलाचं किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचं. वकिलाची सनद चालू आहे का, हे त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.

शेवटचा गैरसमज इकडचा. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआयवाल्याला मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची जमीन वारशाने सातबाऱ्यावर चढू शकते, पण विकायची वेळ आली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.